आधी झीज मोजा

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकले की पहिल्याच आठवड्यात आपल्या हाती स्क्रू गेज येतो. सर बजावतात, "स्क्रू एकाच दिशेने फिरवा. उलटसुलट फिरवाल तर बॅकलॅशची त्रुटी येईल." आपण ते वहीत उतरवून घेतो, तोंडी परीक्षेत म्हणून दाखवतो आणि विसरून जातो. आटे झिजले की डोके फिरते पण टोक हलत नाही, या मधल्या पोकळ फिरण्याला बॅकलॅश म्हणतात, एवढ्या ज्ञानावर मी दोन वर्षे काढली. गेल्या मे महिन्यात मात्र हीच त्रुटी मला एका जुन्या मोटारीच्या स्टेअरिंगवर भेटली. तेथे "एकाच दिशेने फिरवा" असे म्हणून सुटका नव्हती, कारण रस्ता डावीकडेही वळतो आणि उजवीकडेही.

माझे मामा सुरतेस डिंडोलीत राहतात. मूळचे नंदुरबारकडचे. खानदेशातून उधना-जळगाव मार्गाच्या गाडीने जी हजारो कुटुंबे पोटासाठी सुरतेस गेली आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थिरावली, त्यांतलेच हे एक. त्यांच्या गल्लीत सकाळी पाण्याच्या नळावर अहिराणी ऐकू येते, दुकानात गुजराती आणि यंत्रमागावर हिंदी. आपल्या बेळगावात एकाच चहाच्या टपरीवर मराठी आणि कन्नड ऐकणाऱ्या मला त्याचे नवल वाटले नाही. मामांचे गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. रिक्षा, टेम्पो, मारुती व्हॅन ही नेहमीची गिऱ्हाइके. अशा ठिकाणी १९४७ सालची एम.जी. टी.सी. ही दोन आसनांची विलायती स्पोर्ट्‌स कार येईल असे कोणाला वाटले नसते. ती आली, कारण तिच्या मालक शेठजींचा ड्रायव्हर मामांच्याच गावचा निघाला.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. १९४५ ते १९४९ या काळात ही गाडी इंग्लंडात साधारण दहा हजार निघाली. १२५० सी.सी.चे इंजिन, तारांच्या आऱ्यांची १९ इंची उंच चाके, पुढे आडवी करता येणारी काच, मागे उभ्या चपट्या टाकीत पेट्रोल आणि त्याच्याही मागे लटकवलेले जादा चाक. गंमत म्हणजे टी.सी. नेहमी उजव्या हाताच्या स्टेअरिंगचीच निघाली, आणि तशीच ती अमेरिकेतही विकली गेली. दिसायला मोठी देखणी. चालवायला मात्र, शेठजींच्या शब्दांत, "दारू प्यायलेल्या घोड्यासारखी." सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग सतत डावी-उजवीकडे हलवत ठेवावे लागे. ताशी पन्नासच्या पुढे त्यांनी ती नेलीच नव्हती.

त्यांचा उपाय ठरलेला होता. एका भंगारवाल्याकडून त्यांनी मारुती ८०० चा रॅक आणला होता आणि पोत्यात गुंडाळून तो मामांच्या बाकावर ठेवला. "जुनी स्टेअरिंगची पेटी काढून टाका. चासीला पट्ट्या वेल्ड करा, हा बसवा. पंचेचाळीस हजार देईन."

खरे सांगायचे तर मी मनातून शेठजींच्या बाजूचा होतो. जुन्या पेटीत स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला मळसूत्रासारखी एक खाच असते. त्या खाचेत एक खुंटी फिरते, खुंटीमुळे एक हात हलतो, हातामुळे एक दांडा आणि दांड्यामुळे चाके. प्रत्येक सांध्याला थोडी झीज, आणि सगळ्यांची बेरीज चालकाच्या हातात. रॅक अँड पिनियन याच्या तुलनेत किती सुटसुटीत! स्टेअरिंगच्या टोकाला एक लहान दातेरी चाक, त्याखाली एक दातेरी पट्टी. चाक फिरले की पट्टी सरळ रेषेत सरकते आणि पट्टीच्या दोन टोकांचे दांडे दोन्ही चाके वळवतात. वर्तुळाकार गतीचे सरळ गतीत रूपांतर, भाग मोजके, हाताला रस्ता थेट जाणवतो.

इतिहासही माझ्याच बाजूने बोलत होता. कार्ल बेंझच्या १८८५ च्या तीनचाकी गाडीचे पुढचे चाकसुद्धा दातेरी पट्टीने वळत असे. खुद्द एम.जी. कंपनीने टी.सी. बंद करून १९५० साठी टी.डी. काढली ती रॅक अँड पिनियन लावूनच. ट्रायम्फने टी.आर.-३ पर्यंत पेटी ठेवली आणि १९६१ च्या टी.आर.-४ मध्ये रॅक आणला. जॅग्वारने एक्स.के. १२० ची पेटी १९५४ च्या एक्स.के. १४० मध्ये काढून रॅक बसवला. आणि आपल्याकडे ज्या अँबेसेडरला आपण म्हातारी म्हणून हसतो, तिला मॉरिस ऑक्सफर्डकडून रॅक वारशातच मिळाला होता, तर तरुण मानल्या गेलेल्या फियाटला, म्हणजे नंतरच्या प्रीमियर पद्मिनीला, पेटी होती. मग कंपन्यांनी जे स्वतः केले ते आपण डिंडोलीत केले तर बिघडले कोठे? हे सारे मी मामांना मोठ्या उत्साहाने ऐकवले.

मामांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "भाचे, मी हे एकदा करून बसलो आहे."

ती गोष्ट त्यांनी मला पूर्वी कधीच सांगितली नव्हती. पंचवीसेक वर्षांपूर्वी गावच्या एका मित्राच्या जुन्या जीपला त्यांनी मारुती व्हॅनचा रॅक बसवला होता. चासीला पट्ट्या वेल्ड केल्या, दांडे जोडले. शेडसमोरच्या सपाट रस्त्यावर जीप लोण्यासारखी वळे. मित्र खूश, मामा खूश. आठव्या दिवशी नवापूरकडच्या रस्त्यावर वेगात असताना पुढची चाके खड्ड्यात गेली, स्टेअरिंग हातातून हिसकल्यासारखे आपोआप फिरले आणि जीप रस्ता सोडून शेतात उतरली. मित्राचे मनगट मोडले. समोरून कोणी येत नव्हते म्हणून गोष्ट मनगटावर निभावली. "वेल्डिंग तुटले नव्हते," मामा म्हणाले. "सगळे जागच्या जागी होते. तरी चाक फिरले. का फिरले ते मला दोन वर्षे कळले नाही. तोवर मी स्टेअरिंगच्या कामाला हातच लावला नाही."

का फिरले, हे त्यांनी मला फरशीवर खडूने आकृती काढून समजावले. वाचकांपैकी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ती आकृती स्वतः काढून पाहावी. जीप काय किंवा टी.सी. काय, दोन्हींची पुढची चाके एकाच अखंड आसावर बसलेली आणि तो आस पाट्यांवर टांगलेला. खड्डा आला की आस चाकांसकट वर-खाली होतो. जुन्या रचनेत दोन्ही चाकांना एकमेकांशी जोडणारा दांडा आसाबरोबरच वर-खाली होतो. चासीवरून आसाकडे जाणारा दांडा एकच, आणि त्याची लांबी व जागा कंपनीने पाट्यांच्या हालचालीकडे पाहून ठरवलेली. आता त्याऐवजी चासीवर घट्ट रॅक बसवा. त्याचे दोन आखूड दांडे चासीकडून चाकांकडे जातात. चाक वर गेले की दांड्याचे बाहेरचे टोक आतल्या टोकाभोवती वर्तुळाच्या कमानीत फिरते. आस मात्र त्या कमानीने जात नाही, तो पाट्यांच्या मर्जीने जातो. या दोन मार्गांतील फरक कोठे तरी निघायलाच हवा. तो निघतो चाक वळवून. चालकाने काही केलेले नसते. खड्डाच गाडी वळवतो.

मग टी.डी.ला रॅक कसा चालला? कारण एम.जी.ने फक्त रॅक बदलला नव्हता. त्याच वेळी अखंड आस काढून प्रत्येक चाकाला स्वतंत्र, कॉइल स्प्रिंगचे टांगणे दिले होते. टांगण्याचे हात ज्या कमानीत फिरतात, जवळजवळ त्याच कमानीत रॅकचे दांडे फिरतील अशी मापे ठेवली होती. ट्रायम्फ आणि जॅग्वार यांच्या जुन्या गाड्यांना असे स्वतंत्र टांगणे आधीपासूनच होते; म्हणून तेथे पेटीच्या जागी रॅक बसवणे हा विचार करण्याजोगा बदल ठरतो, आणि परदेशात अनेक मालक तो करतातही. माझ्या ऐतिहासिक यादीत नावे सगळी बरोबर होती. पण मी फक्त नवा भाग पाहिला होता. तो ज्या कुटुंबात नांदतो ते कुटुंब पाहिले नव्हते. शिवाय मारुती ८०० टी.सी.पेक्षा हलकी गाडी. तिच्या रॅकवर आपण जड गाडीचा भार टाकणार होतो. आणि मूळ गाडीत रॅक आसाच्या ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध बाजूला तो तसाच बसवला, तर स्टेअरिंग डावीकडे फिरवल्यावर चाके उजवीकडे वळतात. हे ऐकून मी गप्प झालो.

"मग उपाय काय?" मी विचारले. मामा म्हणाले, "आधी झीज मोजू. गाडी वाईट आहे की आजारी आहे, हे तरी कळेल."

त्या दिवशी आम्ही जे केले त्याला कोणतेही महागडे उपकरण लागले नाही. चाके सरळ ठेवून स्टेअरिंगच्या कडेला एक चिकटपट्टी लावली आणि पुढची चाके हलेपर्यंत कडा किती सरकते ते मोजले. ३ इंच! मग मामा गाडीखाली शिरले, मी स्टेअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवत राहिलो, आणि ते प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून हालचाल कोठे हरवते ते शोधत गेले. पहिला चोर पेटीत नव्हताच. पेटी चासीला धरणारे बोल्ट ढिले होते; स्टेअरिंग फिरवले की आधी पेटीच हले. ते आवळल्यावर ३ चे सव्वादोन झाले. आडव्या दांड्याचे दोन्ही टोकांचे गोळे झिजून लंबगोल झाले होते. ते बदलल्यावर दीड इंच उरला. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवले तर तेही डुलत होते. किंगपिनचे बुश गेलेले. म्हणजे ज्या पेटीला फाशीची शिक्षा झाली होती, तिचा अपराध निम्मा होता.

त्यानंतर पेटी उघडली. खुंटी दोन्ही बाजूंनी झिजून सपाट झाली होती. गाडीचा बहुतेक प्रवास सरळ होतो, म्हणून झीज मळसूत्राच्या मधल्या भागात सर्वांत जास्त असते. झाकणाखालचे पातळ शिम काढून मधला ढिलेपणा घालवावा, तर पूर्ण वळणावर, जेथे झीज नाही तेथे, स्टेअरिंग अडकते. पूर्वी कोणी तरी हाच झटपट इलाज केलेला दिसत होता. मामांनी उधन्यात यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून मिश्र पोलादाची नवी खुंटी करवून घेतली. ती कठीण करून, घासून, तिला कोठे तडा नाही हे तपासूनच हाती घेतली. आपल्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये असे हात मी पाहिलेले आहेत. वर्तमानपत्रात त्यांची नावे येत नाहीत, पण दोन शतांश मिलिमीटरचा फरक ते बोटाने सांगतात. शेवटी आस आणि पाटे यांच्यामध्ये पातळ पाचर देऊन चाकांच्या खुंट्यांचा कलही थोडा कमी केला, टी.सी.चे भरकटणे आटोक्यात आणण्याचा हा जुना, माहीत असलेला उपाय आहे. सगळे जोडल्यावर पुन्हा चिकटपट्टी लावून मोजले. पाऊण इंच.

शेठजींनी गाडी खरवासा रस्त्यावर फिरवून आणली. खाली उतरले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होते, पण पूर्ण नव्हते. "सरळ तर चालते," ते म्हणाले, "पण उभ्या जागी वळवायला अजून जड आहे." त्यांचे खरे होते. टी.सी. ही टी.सी.च राहणार, ती मारुतीसारखी वळणार नाही. मामांना अकरा हजार मिळाले. पंचेचाळीसचे अकरा झाले म्हणून मामींनी रात्री जेवताना जे ऐकवले ते येथे लिहीत नाही. शेठजींचे चिरंजीव तर अजूनही नाराज आहेत, आणि तो रॅक त्यांनी मामांकडून परत नेला आहे. उद्या कोणी तरी तो बसवूनही देईल. या गोष्टीचा शेवट गोड झाला असे मी म्हणू शकत नाही.

असो. या अनुभवावरून माझे जे मत झाले ते आता मांडतो.

जुन्या वस्तूंबद्दल आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एकाचे ब्रीद 'जुने ते सोने', दुसऱ्याचे 'नवे ते हवे'. दोघेही एकाच चुकीचे धनी आहेत असे मला वाटते: दोघेही मोजत नाहीत. पहिला पक्ष ३ इंच प्ले असलेली गाडी 'मूळ स्वरूपात' आहे म्हणून मिरवतो. ते मूळ स्वरूप नव्हेच. १९४७ साली कारखान्यातून निघताना ती अशी डुलत नव्हती. झीज म्हणजे परंपरा नव्हे. दुसरा पक्ष झिजलेल्या यंत्राची नव्या यंत्राशी तुलना करतो आणि दोष रचनेच्या माथी मारतो. ही तुलना अन्यायाची आहे. आधी जुने यंत्र दुरुस्त करा, मग त्याची परीक्षा घ्या, आणि मग बदलायचे की नाही ते ठरवा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. रस्ता हे काही संग्रहालय नव्हे. आजच्या रहदारीत, ट्रक आणि दुचाक्यांच्या गर्दीत, जुन्या गाडीने इतरांचा जीव धोक्यात का घालावा? मला हा आक्षेप मान्य आहे. सुरक्षिततेपुढे 'मूळपणा'ला किंमत नाही. चांगले दिवे, सीटबेल्ट, भरवशाचे ब्रेक यांना विरोध करणारा मी नव्हे. स्वतंत्र टांगण्याच्या गाडीला योग्य मापाचा रॅक कोणी जाणत्या हाताने बसवला तर त्यालाही माझी हरकत नाही. पण सुरक्षिततेचे नाव घेऊन केलेला बदल खरोखर अधिक सुरक्षित आहे का, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बदल करणाऱ्याची आहे. मामांच्या मित्राची जीपही 'सुधारलेली'च होती.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तुरीन येथे जी सनद स्वीकारली, तिच्यातील एक तत्त्व मला फार पटते: बदल करावाच लागला तर तो शक्यतो परत फिरवता येण्याजोगा असावा, आणि काढलेले मूळ भाग वाहनासोबत जपून ठेवावेत. म्हणजे चासी कापू नका, वेल्डिंगऐवजी बोल्ट वापरा, जुनी पेटी भंगारात न घालता तेल लावून ठेवा. आपल्याकडचा कायदाही याच अंगाने जातो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मालकाला गाडीत मन मानेल तसे फेरफार करू देत नाही. आणि २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हीए' या अक्षरांची जी वेगळी नोंदणी आणली, तिच्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. चासीवर मारलेली एक वेल्डिंगची रेघ पुढच्या पिढीचा हा हक्क गमावू शकते. यात मला कायद्याच्या धाकापेक्षा साधी माणुसकी दिसते. ही गाडी आपल्या आधी कोणाची तरी होती आणि आपल्यानंतर कोणाची तरी असेल. आज आपल्याला जे कळत नाही ते त्याला कळू शकेल. त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवावी.

शेवटी आपल्या महाविद्यालयाबद्दल. प्राध्यापकांनी हे शब्द विद्यार्थ्याचा आगाऊपणा समजू नयेत. आपण प्रयोगशाळेत बॅकलॅश टाळायला शिकतो. तो शोधायला, त्याचे वाटे करायला, कोणता सांधा किती खातो हे मोजायला शिकत नाही. एखाद्या गॅरेजमधून झिजलेली एक स्टेअरिंगची पेटी, दोन दांडे आणि एक तुटका रॅक आणून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवले, तर खर्च थोडा होईल आणि आम्हा विद्यार्थ्यांचा मोठा फायदा होईल. भंगारवाल्याकडून पेटी आणण्याचे काम मी अंगावर घ्यायला तयार आहे. आणि कन्नड विभागातील मित्रांनाही निमंत्रण आहे, कारण झीज कोणत्याच भाषेत बोलत नाही. ती हातालाच कळते.

डिंडोलीहून निघताना मामांनी मला ती झिजलेली खुंटी दिली. हे लिहिताना ती माझ्या टेबलावर आहे. वजनाने काहीच नाही, पण तिच्या दोन सपाट बाजूंवर बोट फिरवले की वाटते, ती पेटी कित्येक वर्षे मुकाट्याने चाके सांभाळत राहिली आणि तिला काय होते आहे हे कोणी विचारलेच नाही. बदलून टाकण्याआधी निदान एवढे तरी विचारावे.